एपासून इझर्डपर्यंत

११ जानेवारी १९२८, बुधवार

अण्णांचा दहावा. तळ्याच्या काठी सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत बसलो. कावळा शिवला नाही.

मला त्याचे काही वाटत नाही. मी इंग्रजी शिकवणारा माणूस. कारण सरळ आहे. पलीकडे संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उभी राहते आहे, हलवायांच्या पालांवर कावळ्यांची चंगळ चालली आहे. ते आमच्या भाताला कशाला विचारतील? हे मी भटजींना समजावून सांगितले. ते म्हणाले, मास्तर, लेक्चर पुरे, वडिलांची काही इच्छा राहिली असेल, ती पुरी करतो म्हणा. आई हात जोडून म्हणाली, बिरूला (म्हणजे मला) मी उपाशी ठेवनार न्हाय. मायाप्पा मुकादम (अण्णांबरोबर तीस वर्षे रेल्वेच्या मालधक्क्यावर) म्हणाला, सूनबाई (माझी बायको) माहेरी सुखरूप बाळंत हुईल बग. एक कावळा जवळ आला. त्याने पिंडाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि उडून गेला.

माझ्याकडे का पाहिले?

शेवटी दर्भाचा कावळा करून शिवविला. शास्त्राला चालतो, असे भटजी म्हणाले. त्यांची घाई दिसत होती.

१२ जानेवारी, सकाळी सात

उलगडा झाला! अण्णांची इच्छा कोणती ते मला बसल्या बसल्या कळले. इझर्ड.

नीट लिहून ठेवतो. इंग्रजी वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षराला सगळे जग झेड म्हणते. पण त्याचे दुसरे, जुने, खानदानी नाव आहे इझर्ड. मालधक्क्यावर पूर्वी डफी नावाचा एक आयरिश साहेब होता. अण्णा मंगळवेढ्याकडची मेंढरे सोडून सोलापुरात हमालीला आले, तेव्हा या डफीने त्यांना ए बी सी शिकवली आणि मार्कर केले. कापडाच्या गाठींवर खडूने अक्षरे घालायची. पहिल्या गाठीवर ए. माल कितीही असो, शेवटच्या गाठीवर इझर्ड. म्हणजे मागे काही उरले नाही.

अण्णांनी मला तशीच वर्णमाला शिकवली. मी अकरा वर्षांचा असताना वर्गात ती म्हणून दाखवली, शेवटाला इझर्ड म्हणालो, आणि वर्ग हसला. मास्तरांनी रूळ मारला. घरी येऊन मी ही गोष्ट अण्णांच्या कानावर घातली. जगाने आपले इझर्ड नाकारले हा सल त्यांच्या मनात राहिलाच असणार. त्याशिवाय कावळा अडत नाही.

संकल्प: इझर्डला त्याची जागा परत मिळवून देणे. आमच्या शाळेपासून सुरुवात. फेब्रुवारीत इन्स्पेक्शन आहे आणि त्यावर माझी नोकरी कायम होणार की नाही ते ठरायचे आहे. म्हणजे एका दगडात दोन पक्षी. तिसरा तो कावळा.

१४ जानेवारी

संक्रांत. सुतकाचे वर्ष, तिळगूळ नाही. मुंबईच्या एका जुन्या पुस्तकवाल्याला पत्र टाकले, सर्वांत मोठी इंग्रजी डिक्शनरी व्ही.पी.ने पाठवा, पैसे पार्सल सोडवताना देतो. पुराव्याशिवाय लढाई नको.

आईला पगाराचे काय करायचे असे विचारणार होतो. पण ती रडत होती. बायकांना दुःखात व्यवहार सुचत नाही. आणि घर तर आपोआप चाललेलेच आहे.

१९ जानेवारी

सकाळी एक प्रकार पाहिला. घासलेटच्या डब्यावर खडूने मोठा झेड काढलेला. क्षमा. मोठा इझर्ड.

अक्षर अण्णांचे. वरची रेघ लांब, खालची आखूड, तिरकी रेघ एका दमात ओढलेली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवीत नाही. भूत हा शब्द या डायरीत पुन्हा लिहायचा नाही. खूण ओल्या फडक्याने पुसून टाकली. आई चुलीपाशी बसून पाहत होती. तिचा चेहरा समाधानी दिसला. तिला काही कळले नाही हे बरे झाले.

संध्याकाळी. दिवा लावला तो फडफडून विझला. वारा अजिबात नव्हता.

२० जानेवारी

दिवा आजही लागला नाही. आईने पणती लावली आणि दोनदा दाराकडे पाहिले. कुणाची वाट पाहत होती? विचारण्याचा धीर झाला नाही. म्हणजे विचारण्याची गरज वाटली नाही.

कोनाड्यात अण्णांचा मालधक्क्यावरचा खडू आहे. अंगठ्याएवढा. दहाव्याच्या दिवशी होता त्यापेक्षा आखूड वाटतो.

२४ जानेवारी

मिठाच्या गाडग्यावर इझर्ड. पुसला. फडके हातातून दोनदा पडले, पण थंडीने.

वर्गात कामाला लागलो. मुलांना सांगितले की एक्स, वाय, इझर्ड म्हणा. मुलांना फार आवडले. मधल्या सुट्टीत सगळे आवार इझर्ड इझर्ड ओरडत होते. हेडमास्तरांनी बोलावून विचारले, हे काय नवीन? मी म्हणालो, सर, नवीन नाही, फार जुने आहे. ते म्हणाले, पुस्तकात आहे तेवढेच शिकवा. मी मनात हसलो.

१२ तारखेच्या नोंदीत एक दुरुस्ती. 'कानावर घातली' असे लिहिले आहे, ते बरोबरच आहे, पण त्या दिवशी माझा आवाज किंचित चढला असेल. पोर होतो.

२६ जानेवारी

आमटी सलग तीन दिवस अळणी. दुःखात जिभेची चव जाते असे ऐकले होते, ते खरे आहे. मला इतके दुःख झाले आहे हे मलाच ठाऊक नव्हते.

शेजारच्या रत्नम्मा (मागावर चादरी विणतात, तेलुगू, सगळ्या गल्लीची खबर) यांना सहज म्हणून विचारले की एखाद्या घरात खुणा उमटत असतील तर काय करावे. आमच्या घरात नव्हे, एका ओळखीच्या घरात. त्या म्हणाल्या, अय्यो मास्तर, लिंबू-मिरच्या बांदा, आन घरातल्या बाईला इचारा, तिला सगळं कळतंय.

लिंबू-मिरच्या बांधल्या. आईला विचारण्याची आवश्यकता नाही. ती साधी बाई, तिला अक्षर म्हणजे काय हेही ठाऊक नाही. उगाच घाबरेल.

दुपारी आईने त्यातल्या मिरच्या काढून ठेचा केला. म्हणाली, हिरव्या आनल्यास ते बरं केलंस. मला गलबलून आले, का ते समजले नाही.

२ फेब्रुवारी

तेलाच्या बुधलीवर. पुसला. आई लांबून पाहत होती. म्हणाली, पुसलंस व्हय? मी म्हटले, हो. ती म्हणाली, तुजा बा बी असाच सकाळी उठून पुसायचा.

म्हणजे अण्णांच्या हयातीतही हा प्रकार चालू होता! त्यांना कोण छळत होते? डफी? डफी साहेब प्लेगात गेला असे ऐकले होते. साखळी स्पष्ट होत आहे. डफीने अण्णांना झपाटले, अण्णा मला झपाटत आहेत. अर्थात ही केवळ थिअरी आहे.

४ फेब्रुवारी, शनिवार

डिक्शनरी आली! पोस्टमनला दोन हातांनी धरावी लागली. जानेवारीचा सारा पगार त्यात गेला, पण विद्येपुढे काय.

शब्द सापडला. इझर्ड, झेड या अक्षराचे नाव. पुढे वापरही दिला आहे, 'फ्रॉम ए टु इझर्ड', म्हणजे अथपासून इतिपर्यंत, आमूलाग्र. शब्दाच्या मागे 'ऑब्स.' असा शेरा आहे. म्हणजे ऑब्झर्व्ह. इकडे नीट लक्ष द्या, असे खुद्द कोशकारच सांगत आहेत.

आईला पान उघडून दाखवले. तिने पुष्कळ वेळ पाहिले. मग विचारले, ह्ये केवढ्याला रं? मी म्हणालो, आई, ज्ञानाला किंमत नसते. तिने पदराने पुस्तकावरची धूळ पुसली आणि आत गेली.

९ फेब्रुवारी

गुळाचा डबा. पुसला.

आता भीती अशी वाटत नाही. फक्त सकाळी उठल्यावर डोळे उघडण्यापूर्वी रामनाम म्हणतो, आणि स्वयंपाकघरात जाताना आधी खाकरतो. दुपारी घरी एकटा असलो तर बाहेर ओट्यावर बसतो. उन्हाने डोके दुखते.

काल शाळेत फळ्यावर लिहिताना खडू करकरला, आणि मला वाटले, मागे अण्णा उभे आहेत. त्यांच्या अंगाला गोणपाटाचा वास यायचा. तो आला. वळलो नाही. वर्गाला 'सायलेंट रीडिंग' दिले.

१३ फेब्रुवारी

जोंधळ्याच्या कणगीवर. आजपर्यंतचा सर्वांत मोठा, हातभर लांब. अण्णांचा राग वाढत चालला आहे. इन्स्पेक्शन दहा दिवसांवर आले म्हणून असावा. पुसता पुसता हळूच म्हणालो, अण्णा, दहा दिवस थांबा.

आई मागे उभी होती. तिने ऐकले. म्हणाली, धा दिस? मी म्हटले, हो, दहा दिवस. तिने कणगीत डोकावून पाहिले, मग म्हणाली, बरं, बगते.

काय बघते?

१७ फेब्रुवारी

आई माझ्याबरोबर जेवत नाही. म्हणते, मागनं खाते. शोक. दीड महिना झाला तरी कमी होत नाही. भाकऱ्याही पातळ झाल्या आहेत, पण पातळ भाकरी पचायला हलकी असते, मला मानवते.

मनात एक गोष्ट सारखी येते ती लिहून मोकळा होतो. अकराव्या वर्षी मी जे बोललो ते घरी नव्हे. मालधक्क्यावर अण्णांचा डबा घेऊन गेलो होतो, तिथे. मायाप्पा आणि पाच-सहा हमाल बसले होते. मी म्हणालो, तुम्हाला येत नाही तर शिकवता कशाला? हमाल ते हमालच. आणि तो शब्द पुन्हा घरात काढला तर माझी शपथ आहे, असेही म्हणालो. अण्णा खडूचे हात धोतराला पुसत होते. एवढेच आठवते.

पण सहा दिवसांत सगळे भरून निघणार आहे. मग ते शांत होतील. आणि मीही कायम होईन.

२२ फेब्रुवारी

उद्या इन्स्पेक्शन. तयारी चोख. डिक्शनरी वाहून नेण्यासाठी टांगा सांगावा म्हणत होतो, पण खिशात काही नाही. डोक्यावरून नेईन. अण्णांनी आयुष्यभर ओझीच वाहिली.

कणगीवर पुन्हा तीच खूण. या वेळी बारीक, कशीबशी काढलेली, रेघ मध्येच तुटलेली. अण्णा दमले आहेत.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

इन्स्पेक्टरसाहेब माझ्याच वर्गात आधी आले. पुण्याचे आहेत. मुलांनी वर्णमाला म्हटली. शेवटाला पन्नास गळ्यांतून इझर्ड असा काही निघाला की खिडकीतले पारवे उडाले. साहेबांनी विचारले, हे काय? मी पाठ केलेले भाषण केले. डिक्शनरी उघडून समोर धरली. साहेबांनी चष्मा लावला आणि ऑब्स. या शब्दावर बोट ठेवून विचारले, मास्तर, याचा अर्थ? मी म्हणालो, ऑब्झर्व्ह.

साहेब म्हणाले, ऑब्सोलीट. मेलेला शब्द. जिवंत पोरांना मेलेले शब्द का शिकवता?

याला उत्तर होते. पण ते सांगायचे तर कावळ्यापासून सुरुवात करावी लागली असती. मी सुरुवात केली. दर्भाच्या कावळ्यापर्यंत आलो तेव्हा हेडमास्तरांनी माझा दंड धरला.

हात दाखवून अवलक्षण, असे कुणी म्हणेल. पण साहेब जाताना वळून एकदा माझ्याकडे पाहत होते. विचारात पडलेले दिसले. रिझल्ट अनुकूल येईल.

२५ फेब्रुवारी

हेडमास्तरांची चिठ्ठी. एक मार्चपासून येण्याची तसदी घेऊ नये. प्रकृतीला जपावे.

माझी प्रकृती उत्तम आहे. पण मी अण्णांचे इतके केले आणि त्यांनी मला एवढे सांभाळू नये? आज प्रथमच कोनाड्याकडे पाहून मोठ्याने बोललो, आता काय हवे ते तरी सांगा. खडू नखाएवढा उरला आहे.

२७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी आई चुलीपुढे पडलेली सापडली. चूल थंड होती. मी ओरडलो. रत्नम्मा माग सोडून आल्या. त्यांनी आईला टेकवून बसवले आणि घरून कण्यांची पेज आणून घोट घोट पाजली. मग माझ्यावर उलटल्या. मास्तर, आठ दिस झालं ही माझ्याकडची पेज प्येते, तुमाला भाकर देते आन सोता पाणी प्येते. तुमची ती मोटी पुस्तक शिजतेय का?

मी कणगीत हात घातला. तळ हाताला लागला. मग एकेक डबा उघडला. गूळ नाही, तेल नाही, मीठ नाही, घासलेट नाही.

आईने जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. म्हणाली, त्या खुना म्याच केल्या. घरात संपलं म्हनू नये, लक्षुमी जाती. म्हनून तुज्या बानं मला त्येवढं एक अक्षर शिकवलं. शेवटच्या मापाला हात लागला की डब्यावर खून करायची. त्यो सकाळी बगायचा, पुसायचा आन पिशवी घिऊन बाजारला जायचा. पुसलं म्हंजी ध्येनात आलं. तू बी पुसत हुतास, म्या म्हनलं, पोरगं आनतंय. परत्येक डब्याला म्या म्हनलं, आनतंय.

मी विचारले, तोंडाने का नाही सांगितलेस?

म्हणाली, त्या अक्षराचं नाव घरात काढायचं न्हाय, आशी तू शपथ घातली हुतीस न्हवं? संपलं म्हनता येत न्हाय, आन त्ये बी म्हनता येत न्हाय. मग काय म्हनू?

२८ फेब्रुवारी

सकाळी मालधक्क्यावर गेलो. अण्णा जोंधळे कोणत्या दुकानातून आणत हे मला ठाऊक नव्हते, ते मायाप्पाला विचारायचे होते. सतरा वर्षांत तिकडे पाय ठेवला नव्हता.

गाठी वॅगनमध्ये चढत होत्या. शेवटची गाठ बाजूला उभी होती आणि तिच्यावर ते अक्षर होते. मी त्यावर हात ठेवला आणि सर्वांसमोर म्हणालो, इझर्ड. निदान इथे तरी म्हणावे, जिथे मी तो शब्द मोडला होता.

हमाल एकमेकांकडे पाहू लागले. एक जण हसला. म्हणाला, मास्तर, झेड म्हनत्यात ह्येला.

मायाप्पाने मला बाकावर बसवले. म्हणाला, तू तवा बोलून गेलास की, त्याच दिवशी तुज्या बानं, धुळाप्पानं, समद्यास्नी बोलवून घेतलं. म्हनला, आजपास्नं ह्येला झेड म्हनायचं, माज्या पोरानं शिकीवलंय. जो चुकंल त्यानं बिडी द्यायची. डफी साहेबाला बी सांगिटलं की त्यानं, माज्या पोराचं खरं हाय, तुजं जुनं झालं. सायेब लई हसला. सतरा वर्सं हितं कुनी दुसरं काय म्हनलंच न्हाय. नवा मानूस आला की धुळाप्पा सांगायचा, ह्ये माज्या पोरानं शिकीवलंय.

मी म्हणालो, त्यांना वाईट वाटले असेल त्या दिवशी. मायाप्पा म्हणाला, वाटलं की. मग जेवला.

२९ फेब्रुवारी, बुधवार

मायाप्पाने दुकानदाराला सांगितले, म्हणून सगळे सामान मिळाले. जोंधळे, तेल, मीठ, गूळ, घासलेट. स्वतः डोक्यावरून आणले. डिक्शनरी परत घेता का म्हणून मुंबईला पत्र टाकले आहे. मायाप्पा म्हणतो, उद्यापासून मार्करच्या जागेवर ये, अक्षर चांगलं हाय तुजं. हो म्हणालो.

सात आठवडे अण्णा घरात आहेत असे धरून मी चाललो होतो. त्यांना भीत होतो, त्यांच्यावर चिडत होतो, दहा दिवस थांबा म्हणत होतो. ते नव्हते. आई होती. आज दिवा लागला आहे, वात वर आहे, कोपरे स्वच्छ दिसतात, आणि अण्णा गेले हे मला आज कळले. खूप रडलो.

आई दीड भाकरी जेवली. उरलेली अर्धी माझ्या ताटात घालत होती. मी घेतली नाही. ती खाईपर्यंत समोर बसून राहिलो.